वार पडली का?

गेल्या वर्षीची गोष्ट. पुण्यातल्या एका नर्सिंग होमच्या व्हरांड्यात आम्ही आठ-दहा जण बसलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीचं पहिलं बाळंतपण. रात्रभर कळा, सकाळी सलाईन, आणि दुपारी दीडच्या सुमारास एकदाचं लेबर रूमचं दार उघडलं. हिरव्या कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली हो! तीन किलो शंभर ग्रॅम."

मग जे व्हायचं ते झालं. सगळे उठून उभे राहिले. बहिणीचे डोळे भरून आले. व्याह्यांनी पाकीट काढून कुणाला तरी पेढ्यांसाठी पिटाळलं. पाच-सहा मोबाइल एकाच वेळी बाळाच्या चेहऱ्यावर रोखले गेले. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, याची वाटणी सुरू झाली. दोहाला असलेल्या काकाला व्हिडिओवर बाळ दाखवून झालं.

गर्दीच्या मागून मी विचारलं, "सिस्टर, वार पडली का?"

सिस्टरांपर्यंत आवाज पोचला नाही. शेजारी उभ्या असलेल्या भाचेजावयांपर्यंत मात्र पोचला. त्यांना 'वार' एवढंच ऐकू आलं असावं. आनंदात बुडालेले ते चटकन म्हणाले, "गुरुवार, मावशी. आज गुरुवार!"

सगळे खो खो हसले. गुरुवारी लक्ष्मी आली, असंही कुणी म्हणून घेतलं. हसू आलं नाही ते फक्त मला. पस्तीस वर्षं मी बाळंतपणं केली आहेत. या एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसायचं नाही, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही. त्या दुपारी पुढे काय झालं, ते शेवटी सांगते. आधी या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

रविवारच्या सकाळी, चहाचा कप हातात असताना, असला विषय काय काढला, असं काही वाचकांना वाटेल. काही जण नाकही मुरडतील. पण बाळंतपण प्रत्येक घरात होतं. आज ना उद्या लेक, सून, बहीण, नाहीतर बायको आत असते आणि आपण बाहेर बाकावर बसलेले असतो. त्या बाकावर बसणाऱ्या माणसांसाठी हा लेख आहे.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातली. ती सुईण नव्हती, पण तिची स्वतःची आठ बाळंतपणं घरातच झाली होती आणि भावकीतल्या कितीतरी बायकांच्या उशाशी ती बसली होती. कुणी बाळंत झाल्याचा निरोप आला, की तिचे प्रश्न ठरलेले. पहिला, "मोकळी झाली का?" दुसरा, "वार पडली का?" मुलगा की मुलगी, हा प्रश्न तिसरा. आजी काही सुधारक नव्हती. नातू झाला म्हणजे तिचाही चेहरा उजळायचा. पण प्रश्नांचा क्रम कधी बदलला नाही. एकदा मी तिला कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "पोर आलं म्हंजी निम्मं झालं. वार पडल्याबिगर बाई सुटली म्हणू नये."

पुढे मी मेडिकल कॉलेजात जाडजूड पुस्तकं वाचली. प्रसूतीच्या तिसऱ्या अवस्थेवरचं सगळं प्रकरण आजीच्या त्या एका वाक्यात बसत होतं.

नाळ सगळ्यांना ठाऊक असते. आपली भाषाच तिच्यावर पोसलेली आहे. गावाशी नाळ, मातीशी नाळ. पुढाऱ्यांची जनतेशी आणि लेखकांची वाचकांशी असलेली नाळ तर रोज कुठे ना कुठे तुटत असते. पण नाळ म्हणजे नुसती दोरी. ती ज्या अवयवाला जोडलेली असते, त्या वारेला मात्र भाषणात जागा नाही. दिवस भरल्यावर ही वार साधारण अर्ध्या किलोची, लहानशा भाकरीएवढी गोल आणि मध्ये बोटभर जाड असते. गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला ती चिकटलेली असते. बाळाची फुप्फुसं अजून श्वास घेत नसतात, आतडी अन्न पचवत नसतात. ती सगळी कामं नऊ महिने ही वार करते. आईचं रक्त एका बाजूनं, बाळाचं दुसऱ्या बाजूनं. दोन्ही रक्तं एकमेकांत न मिसळता प्राणवायू आणि अन्न इकडून तिकडे जातं.

बाळ बाहेर येऊन रडलं, की वारेचं काम संपतं. रिकामं झालेलं गर्भाशय आकसायला लागतं, त्याच्या भिंतीवरून वार सुटते आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, बाहेर पडते. प्रसूतीच्या तीन अवस्थांपैकी ही सगळ्यांत छोटी अवस्था. आईच्या जिवाच्या दृष्टीनं सगळ्यांत धोक्याचीही हीच.

धोका कसला, तेही समजून घ्यायला हवं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला पाचशे ते सातशे मिलिलिटर रक्त वाहत असतं. म्हणजे दर मिनिटाला दुधाची अर्ध्या लिटरची एक पिशवी. वार सुटते तेव्हा तिच्या जागी असलेल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करायला निसर्गानं एक नामी योजना केली आहे. गर्भाशयाचे स्नायू त्या रक्तवाहिन्यांभोवती आडवेतिडवे विणलेले असतात. गर्भाशय आवळलं, की प्रत्येक रक्तवाहिनीला जणू गाठ बसते. वार पडल्यावर पोटावर हात ठेवला, की बेंबीच्या जरा खाली कठीण गोळा लागतो, तो आवळलेल्या गर्भाशयाचा. तो लागला की आम्ही निःश्वास टाकतो.

पण दमलेलं गर्भाशय कधी आवळतच नाही. कधी वार सुटत नाही. कधी अर्धीच सुटते, नाहीतर तिचा एखादा तुकडा आत राहतो आणि गाठी नीट बसत नाहीत. शंभरातल्या दोन-तीन बायकांची वार अशी अडकते. मग रक्त वाहतं, आणि उपचार मिळाले नाहीत, तर धडधाकट बाईही दोनेक तासांत जाऊ शकते. मुळात अंगात रक्त कमी असेल, तर तेवढाही वेळ मिळत नाही.

१९८८च्या पावसाळ्यातली एक रात्र मी विसरू शकलेले नाही. तेव्हा मी तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात होते. रात्री दोनच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका बाईला आणलं. वय बावीस-तेवीस. दुसरं बाळंतपण, घरीच, दिवेलागणीला झालेलं. बाळ छान होतं. वार पडली नव्हती. सुईणीनं तासभर वाट पाहिली. मग बाईच्याच वेणीचं टोक तिच्या घशात घालून ओकाऱ्या काढवल्या. मग पोट दाबलं. शेवटी नाळ ओढली, ती तुटली. ओढ्याला पाणी होतं, ते उतरेपर्यंत थांबावं लागलं. माझ्यासमोर आली तेव्हा बाई कागदासारखी पांढरी झाली होती आणि पाणी मागत होती.

मी हात घालून वार काढली. दोन्ही हातांना सलाईन लावलं, गर्भाशय आवळावं म्हणून होती नव्हती ती इंजेक्शनं दिली. रक्ताची बाटली जिल्ह्याच्या गावी होती, साठ किलोमीटरवर. जीप निघाली, पण ती परत यायच्या आत, उजाडता उजाडता बाई गेली.

बाहेर तिचा सासरा उकिडवा बसला होता. मी सांगितलं ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाई, आमची म्हैस व्याली की वार पडंपातूर आमी रातभर डोळा लावत न्हाई. आन् घरची सून... पोर रडलं तवा समदी पोराकडंच गेलो."

ज्यांच्या घरी जनावरं आहेत, त्यांना त्याचं बोलणं लगेच कळेल. म्हैस व्याली, की शेतकरी कंदील घेऊन गोठ्यात बसतो. वार पडली का, पूर्ण पडली का, हे डोळ्यांनी बघतो. ती जनावरानं खाऊ नये म्हणून लांब नेऊन पुरतो. पडली नाही, तर सकाळी जनावरांच्या डॉक्टरकडे माणूस धाडतो. रेडकू झालं म्हणून गोठा सोडून पेढे वाटायला कुणी जात नाही. म्हशीच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याकडे आहे, ते घरच्या बाईच्या बाबतीत कुठे जातं?

त्या सुईणीला दोष द्यावा, असं मला तेव्हाही वाटलं नाही. केसांनी घसा खाजवून ओकारी काढायचा उपाय तिनं शोधलेला नव्हता. अडकलेल्या वारेसाठी बोटाला केस गुंडाळून ते घशात फिरवावं, असं सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलेलं आहे. ओकारीनं पोट आवळतं आणि सुटलेली वार कधी कधी खाली सरकते. दुसरं काहीच हाताशी नव्हतं, त्या काळी तो उपाय करून पाहणं समजण्यासारखं होतं. पण वार सुटलेलीच नसेल, तर त्या खटपटीत मोलाचा वेळ जातो. नाळ ओढणं तर त्याहून वाईट. न सुटलेली वार ओढली, तर नाळ तुटते, नाहीतर पिशवी उलटी होऊन गर्भाशयच बाहेर येतं.

हे खेड्यातल्या अडाणी माणसांचं दुखणं आहे, असंही कुणी समजू नये. रावेरच्या पुढे तापीच्या काठी बऱ्हाणपूर लागतं. १६३१ साली तिथं मुमताजमहल आपल्या चौदाव्या अपत्याच्या वेळी गेली. मूल जगलं. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं तिचा अंत झाला, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. पातशहाच्या पदरी हकीम कमी नव्हते. लंडनमध्ये १७९७ साली मेरी वोल्स्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांसाठी लेखणी झिजवणारी विदुषी बाळंत झाली. मुलगी सुखरूप झाली, वार मात्र पडेना. नावाजलेल्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं हात घालून तुकड्यातुकड्यानं ती काढली. जंतूंची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. बाईला ताप भरला आणि अकराव्या दिवशी ती गेली. तिची ती मुलगी म्हणजे पुढे 'फ्रँकेन्स्टाइन' लिहिणारी मेरी शेली. महाल असो की झोपडी, वार अडकल्यावर फारसा फरक राहत नव्हता.

फरक पडला तो विसाव्या शतकात. गर्भाशय आवळायला लावणारा ऑक्सिटोसिन नावाचा स्राव आपल्याच शरीरात तयार होतो. व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं १९५३ साली तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. १९५५चं नोबेल पारितोषिक त्याला मिळालं. बाळ बाहेर आल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं एक इंजेक्शन मांडीत द्यायचं, इतकी साधी ही गोष्ट. माझी ती रोगी गेली, त्याच १९८८ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वार आपोआप पडायची वाट पाहिली, तर शंभरातल्या अठरा बायकांना जादा रक्तस्राव होत होता. इंजेक्शन देऊन वार पडायला मदत केली, तर फक्त सहा जणींना.

पुढचं एक मोठं काम आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालं. ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेला हात लागतो. मग जिथं फ्रिज नाही, तिथं काय करायचं? बेळगावच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांच्या मदतीनं गावोगावच्या नर्सबाईंच्या हाती मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १६२० बायकांवरचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. गोळ्या घेतलेल्या बायकांमध्ये जादा रक्तस्रावाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. या अभ्यासात बाईच्या खाली मोजमापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं होतं. या साध्या पिशवीचं महत्त्व पुढे येईल.

देशानंही मोठी मजल मारली. १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली चारांपैकी जेमतेम एक प्रसूती दवाखान्यात होत होती. २०१९-२१ला ते प्रमाण शेकडा ८८.६ झालं. २००१-०३मध्ये देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत, २०१८-२०मध्ये ९७. महाराष्ट्रात हाच आकडा १४९वरून ३३वर आला. आशाताई, नर्सबाई, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या यांचं हे यश आहे आणि ते मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे. १९८८ची ती बाई आज असती, तर बहुधा वाचली असती.

मग आता तक्रार कसली? तक्रार ही, की बाळंतपण दवाखान्यात गेलं आणि घरानं काळजीही दवाखान्याला देऊन टाकली. आजीचा प्रश्न घरातून गेला आणि दवाखान्यातही त्याला जागा मिळाली नाही. २००१-०३च्या पाहणीत देशातल्या मातामृत्यूंपैकी शेकडा ३८ रक्तस्रावानं झालेले होते. आजही रक्तस्राव हे एक प्रमुख कारण आहे. आणि दवाखान्याची भिंत म्हणजे रक्तस्रावावरचं औषध नव्हे.

मी पाहिलेलं सांगते. मूल झालं, की लेबर रूममधल्या सगळ्यांचं लक्ष नकळत मुलाकडे जातं. एक सिस्टर त्याला पुसते, एक वजन करते, एक बाहेर दाखवायला नेते. टेबलावर बाई असते आणि तिच्याजवळ बहुधा सगळ्यांत नवखी मुलगी. पुढच्या बाईच्या कळा वाढलेल्या असतात, टेबल रिकामं करायचं असतं. मग घाई होते आणि घाईत नाळ ओढली जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा, आपल्या देशासह आठ देशांतला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की खरा उपयोग इंजेक्शनचा आहे. नाळ खेचण्यानं पडणारा फरक अगदी थोडा. शिकलेल्या हातानं, गर्भाशयाला आधार देऊन, हलका ताण देणं वेगळं आणि घाईनं ओढणं वेगळं.

दुसरी गोष्ट रक्ताच्या अंदाजाची. कापडात, बादलीत, जमिनीवर गेलेलं रक्त डोळ्यांनी मोजता येत नाही. भले भले डॉक्टर ते निम्म्यानं कमी धरतात. मीही धरलेलं आहे. इथं ती खुणांची पिशवी कामाला येते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या सुमारे ऐंशी रुग्णालयांत अशी पिशवी लावून रक्त मोजलं आणि मर्यादा ओलांडताच ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू केले. २०२३ साली निष्कर्ष आले: गंभीर परिणाम शेकडा साठांनी घटले. नवं औषध एकही नव्हतं. फक्त मोजलं आणि वेळ घालवला नाही. २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की अर्धा लिटर रक्त जायची वाट पाहू नका. तीनशे मिलिलिटर गेलं आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, तरी उपचार सुरू करा.

तिसरी गोष्ट आपल्या अंगातल्या रक्ताची. देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींचं, २०१९-२१च्या पाहणीनुसार शेकडा ५२.२ जणींचं, हिमोग्लोबिन कमी आहे. ज्या रक्तस्रावातून धट्टीकट्टी बाई सावरते, तोच अशा बाईचा जीव घेतो. आणि चौथी गोष्ट सिझेरियनची. आधीच्या ऑपरेशनच्या व्रणावर वार रुजली, तर ती कधी कधी भिंतीत खोलवर शिरते आणि सुटतच नाही. सिझेरियनं वाढतील तशा या केसेसही वाढणार. 'कळा नकोत, कापूनच टाका' असं हौसेनं म्हणणाऱ्यांनी पुढच्या बाळंतपणाचा हिशेबही आजच करावा.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. वेणी घशात घालणं गेलं, ते बरंच झालं. पण जुन्या बायकांच्या काही गोष्टींत तथ्य होतं. नाळ लगेच न कापता मिनिट-दोन मिनिटं थांबावं, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं, असं आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बाळाला लगेच छातीशी घेतलं, की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि गर्भाशय आवळायला मदत होते. आणि तो प्रश्न तर लाखमोलाचा होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बाळंतपणाचे निरोप दोन असावेत. पहिला निरोप बाळाचा. तो द्यायला कुणाला सांगावं लागत नाही. दुसरा निरोप आईचा: "वार पूर्ण पडली, तपासून पाहिली, रक्त बेताचंच गेलं आहे, नाडी ठीक आहे." दार पुन्हा एकदा उघडून कुणीतरी हा निरोप बाहेरच्या माणसांना द्यावा. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्यानं हा नियमच करावा. याला पैसा लागत नाही. उलट, बाहेर जाऊन सांगायचं आहे म्हटलं, की आत वार उलटून पाहिली जाते, पोटावर हात ठेवला जातो, रक्त मोजलं जातं.

माझ्या व्यवसायातली मंडळी म्हणतील, नातेवाइकांना कशाला घाबरवायचं? अर्धवट कळून ते डोक्यावर बसतील. माझा अनुभव उलटा आहे. नातेवाईक बिथरतात ते पेढे वाटून झाल्यावर अचानक आभाळ कोसळतं तेव्हा. 'वार अजून पडलेली नाही, आम्ही प्रयत्न करतो आहोत, रक्ताची तयारी ठेवा,' असं वेळेवर सांगितलं, तर तीच माणसं धावपळ करतात, रक्त देतात आणि पुढे काही वाईट झालंच, तरी डॉक्टरला शत्रू मानत नाहीत.

आणि बाकावर बसणाऱ्यांनी काय करावं? नवव्या महिन्याच्या आधी बाईचं हिमोग्लोबिन किती, ते घरातल्या पुरुषांनाही माहीत असावं. तिचा रक्तगट ठाऊक असावा, रक्त देणारी दोन माणसं आधी सांगून ठेवलेली असावीत. वेळ पडली तर रक्त कुठून येणार, हे दवाखान्यात नाव घालतानाच विचारावं. सरकारी रुग्णालयात २०११पासून बाळंतिणीला रक्त आणि वाहन मोफत देण्याची योजना आहे, तीही माहीत असावी. बाळ झाल्यावर पहिले दोन तास एका जाणत्या माणसानं बाळाकडे नव्हे, आईकडे बघत बसावं. घड्या पटापट भिजत असतील, तिला घाम सुटला, चक्कर आली, तहान तहान झाली, 'मला कसंतरी होतंय' असं ती म्हणाली, तर 'बाळंतपणात व्हायचंच' म्हणून गप्प करू नये. सिस्टरांना हाक मारावी. घरी आल्यावरही पुन्हा लाल रक्त जास्त जाऊ लागलं, वास येऊ लागला, थंडी वाजून ताप आला, तर आत वारेचा तुकडा राहिला असेल, अशी शंका घ्यावी. ती बाहेरची बाधा नसते.

आता त्या गुरुवारचं. हसणं ओसरल्यावर मी सरळ दार लोटून आत गेले. निवृत्त झाले तरी चेहरा डॉक्टरचाच, म्हणून कुणी अडवलं नाही. बाळ होऊन पस्तीस मिनिटं झाली होती. वार पडली नव्हती. इंजेक्शन दिलेलं होतं, डॉक्टर हुशार होत्या, त्यांनी ओढाओढ केलेली नव्हती. थिएटर तयार करायला सांगून त्या भाचीजवळच उभ्या होत्या. चूक कुणाची नव्हती. फक्त बाहेर कुणाला काही माहीत नव्हतं. पोर रडून म्हणाली, "मावशी, सगळे गेले का गं बाहेर?"

भूल देऊन वार काढली. रक्त बरंच गेलं. दोन बाटल्या लागल्या. ज्या मोबाइलवर नातीचे फोटो फिरत होते, त्याच मोबाइलवरून व्याह्यांनी रक्तासाठी फोन लावले, आणि अर्ध्या तासात चार जण दंड उघडून उभे राहिले. संध्याकाळी भाची उशीला टेकून बसली तेव्हा पेढ्याचा पुडा तसाच बंद होता. तो तिच्याच हातानं फोडला.

बारशाला भाचेजावई माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या ऑफिसातल्या एका मित्राला आदल्या आठवड्यात मुलगा झाला होता. म्हणाले, "मावशी, त्याचा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, वार पडली का? तो म्हणाला, रविवार."

"मग?"

"मग त्याला समजावून सांगितलं. तो फोन तसाच ठेवून आत विचारायला गेला."

वाचकहो, पुढच्या वेळी तुमच्याकडे असा फोन येईल, तेव्हा मुलगा की मुलगी हे जरूर विचारा. पण आधी हे विचारा. समोरच्याला कळलं नाही, तर त्यालाही समजावून सांगा.